विल्यम केरी आणि त्यांचे सोबती

एका मंडळीत अनेक कृपादाने

प्रभूच्या मंडळीतील निरनिराळ्या कृपादानांविषयी करिंथ येथील लोकांस लिहिताना प्रेषित पौलाने शरीराचा व त्याच्या अवयवांचा दाखला दिला आहे, हे वाचकांस ठाऊकच आहे. हा दाखला आपण उपासनेत पुष्कळ वेळा ऐकतो. पण जिवंत माणसांच्या रोजच्या संसारात तो कसा खरा ठरतो, हे एखाद्या चरित्रातून पाहिले म्हणजे अधिक नीट उमगते. म्हणून डॉ. विल्यम केरी यांच्या आयुष्याची हकीकत येथे थोडक्यात देत आहोत. केरीसाहेबांचे नाव सर्वांस माहीत आहे, परंतु त्यांनी एकट्याने सर्व काही केले अशी जी समजूत आहे ती बरोबर नाही, आणि ती त्यांना स्वतःलाही मुळीच रुचली नसती.

विल्यम केरी यांचा जन्म इंग्लंडात नॉर्दॅम्प्टन परगण्यातील पॉलर्सपरी या खेड्यात १७ ऑगस्ट १७६१ रोजी झाला. बाप विणकर होता व पुढे गावच्या शाळेचा मास्तर झाला. घरची गरिबी असल्यामुळे मुलास चौदाव्या वर्षाच्या सुमारास जोडे शिवण्याच्या धंद्यात उमेदवार म्हणून ठेवण्यात आले. त्याच दुकानात जॉन वॉर नावाचा दुसरा एक उमेदवार होता. तो काही मोठा विद्वान नव्हता. पण त्याच्या सरळ वागण्याने व काम करता करता केलेल्या बोलण्याने विल्यमच्या मनाची टोचणी वाढली आणि शेवटी तो प्रभूला शरण आला. पुढे ज्याने इतक्या भाषांतून शास्त्र छापविले, त्यास प्रभूकडे आणण्याचे काम एका दुकानातील सोबत्याच्या हातून झाले, ही गोष्ट आरंभीच लक्षात ठेवण्यासारखी आहे.

सन १७८३ मध्ये विल्यमने नीन नदीत बाप्तिस्मा घेतला आणि पुढे मोल्टन या खेड्यातील लहानशा मंडळीचा तो पाळक झाला. मंडळी इतकी गरीब होती की त्यास शाळा चालवून व जोडे शिवून पोट भरावे लागे. जोडे शिवता शिवता तो लॅटिन, ग्रीक व हिब्रू या भाषा शिकला. सुवार्ता ज्यांस ठाऊक नाही अशा देशांविषयी त्याच्या मनास तळमळ लागली. सन १७९२ मध्ये त्याने या विषयावर एक लहान पुस्तक छापविले, आणि त्याच वर्षी २ ऑक्टोबर रोजी केटरिंग गावी एका विधवा बाईच्या घरात काही थोडे पाळक जमून त्यांनी बॅप्टिस्ट मिशनरी मंडळ स्थापन केले. त्या दिवशी कबूल केलेली वर्गणी सगळी मिळून १३ पौंड २ शिलिंग ६ पेन्स एवढीच भरली.

येथेच कामाची पहिली वाटणी झाली. केरी जाण्यास सिद्ध झाले, आणि अँड्रू फुलर यांनी मागे राहून काम सांभाळण्याचे पत्करले. खोल खाणीत उतरणाऱ्याचा दोर वर राहिलेल्यांनी घट्ट धरावा, असा हा करार होता, असे फुलर समजत. त्यांनी तो दोर सन १८१५ मध्ये आपला अंत होईपर्यंत सोडला नाही. गावोगाव फिरून ते वर्गणी गोळा करीत, टीकाकारांस उत्तरे देत आणि हिंदुस्थानातील बांधवांस पत्रे लिहीत. त्यांनी हिंदुस्थान कधी पाहिला नाही. तरी त्यांच्यावाचून केरीसाहेबांचे काम चालले नसते.

केरीसाहेब १३ जून १७९३ रोजी एका डॅनिश जहाजात बसले व ११ नोव्हेंबर रोजी कलकत्त्यास पोहोचले. त्यांच्याबरोबर डॉक्टर जॉन थॉमस होते, जे पूर्वी बंगाल्यात राहून आले होते. केरीसाहेबांची पत्नी डॉरोथी ही प्रथम येण्यास राजी नव्हती. शेवटी बहीण सोबत येईल तर येते, असे म्हणून ती निघाली. तिच्या मांडीवर थोड्या आठवड्यांचे मूल होते. पहिली सहा वर्षे फार कठीण गेली. जवळचा पैसा संपला, राहण्यास जागा मिळेना. पुढे मुदनाबाटी येथे निळीच्या कारखान्यावर देखरेख करण्याची नोकरी मिळाली, पण सन १७९४ मध्ये पाच वर्षांचा पीटर हा मुलगा आमांशाने गेला. त्या दुःखाने व आजाराने डॉरोथीबाईंचे मन बिघडले ते पुन्हा कधी ताळ्यावर आले नाही. केरीसाहेब भाषा शिकले, पंडितांच्या मदतीने नव्या कराराचे बंगालीत भाषांतर करीत गेले, खेडोपाडी उपदेश करीत गेले. पण या सहा वर्षांत एकाही बंगाली मनुष्याने बाप्तिस्मा घेतला नाही. एका मित्राने लाकडी छापयंत्र विकत घेऊन दिले होते, ते पाहून आसपासचे लोक त्यास साहेबाची मूर्ती म्हणत. यंत्र होते, भाषांतर होते, पण छापण्याची विद्या अवगत असलेला मनुष्य जवळ नव्हता.

तो मनुष्य येत होता. इंग्लंड सोडण्यापूर्वी केरीसाहेबांची विल्यम वॉर्ड नावाच्या एका तरुण छापखानदाराशी गाठ पडली होती, आणि पुढे आपणांस अशा मनुष्याची गरज लागेल असे त्यांनी त्यास सांगून ठेवले होते. वॉर्डने ते मनात ठेवले. तो डर्बी व हल येथे वर्तमानपत्राचा संपादक होता. ती चांगली जागा सोडून ऑक्टोबर १७९९ मध्ये तो बंगाल्यात आला. त्याच जहाजाने जोशुआ मार्शमन व त्यांची पत्नी हन्नाबाई हीही आली. मार्शमन विणकराचा मुलगा असून ब्रिस्टल येथे शाळा चालवीत असत. ईस्ट इंडिया कंपनी आपल्या मुलखात मिशनऱ्यांस राहू देत नसे, म्हणून ही मंडळी हुगळी नदीच्या काठी डेन्मार्कच्या राजाच्या ताब्यात असलेल्या श्रीरामपुरात उतरली. (हे श्रीरामपूर म्हणजे आपल्या नगरकडील श्रीरामपूर नव्हे.) तेथील गव्हर्नरांनी त्यांस आश्रय दिला. केरीसाहेबही आपले बिऱ्हाड घेऊन १० जानेवारी १८०० रोजी तेथे आले.

आता या सर्वांस एका आवारात, एका पंक्तीला बसून राहावयाचे होते. ते एकमेकांस फारसे ओळखतही नव्हते. त्यांनी काही नियम ठरविले. जे कोणी कमावील ते सर्वांच्या एकाच पेटीत पडावे. कोणीही स्वतःचा निराळा व्यापार करू नये. घरखर्चास प्रत्येकाने बेताचे घ्यावे. उपदेश व प्रार्थना पाळीपाळीने कराव्यात. केरीसाहेबांकडे पेटीचा हिशेब व औषधांची पेटी सोपविली. आणि दर शनिवारी संध्याकाळी सर्वांनी एकत्र बसून आठवड्यात ज्याच्या मनात दुसऱ्याविषयी काही आले असेल ते बोलून मिटवावे व पुन्हा प्रीतीने राहण्याचे वचन द्यावे, असे ठरले. हा शेवटचा नियम दिसण्यात लहान आहे, परंतु त्यावाचून बाकीचे सर्व नियम टिकले नसते, असे आम्हांस वाटते.

प्रत्येकाला देवाने काय दिले होते ते पाहा. केरीसाहेबांस भाषांची देणगी होती, आणि त्याहून मोठी म्हणजे चिकाटीची. आपणांस नेटाने रेटीत राहणे एवढेच येते, असे ते स्वतःविषयी समजत. पण हिशेबी कारभार व लोकांस शिस्त लावणे ही त्यांची कामे नव्हती. स्वतःच्या मुलांसही त्यांच्याने धाकात ठेववत नसे. आई आजारी व बाप पुस्तकांत गढलेला, अशा स्थितीत ती मुले मोकाट सुटली होती. त्यांस वॉर्डसाहेबांनी हाताशी धरले. थोरला फीलिक्स यास त्यांनी छापखान्यात घेतले, त्याच्याशी मित्रासारखे बोलून त्यास प्रभूकडे वळविले, आणि तोच पुढे मिशनरी होऊन ब्रह्मदेशात गेला. बापाकडे जे नव्हते ते देवाने बापाच्या सोबत्याच्या हातून मुलांस दिले.

मार्शमनसाहेब व हन्नाबाई यांस शाळेची देणगी होती. सन १८०० मध्येच त्यांनी युरोपियन मुलामुलींकरिता वसतिगृहासह शाळा काढली व तिच्या उत्पन्नाने सर्व मिशनचा खर्च भागू लागला. पुढे बंगाली मुलांच्या अनेक शाळा निघाल्या, व मुलींच्या शिक्षणाकडेही हन्नाबाईंनी लक्ष घातले. या मोठ्या कुटुंबातील आजाऱ्यांची व पोरक्या मुलांची काळजी बहुतेक त्यांच्यावरच असे. मंडळाच्या अहवालांत त्यांचे नाव क्वचित येते. पण त्यांची शाळा बंद पडती तर छापखान्याचा कागद कशाने विकत घेतला असता?

हे सारे युरोपियन लोकांनीच केले असेही कोणी समजू नये. बंगाली खिळे पाडण्याची कला पंचानन कर्मकार या लोहारास अवगत होती. त्यांनी व त्यांचे जावई मनोहर यांनी अनेक लिप्यांचे खिळे तयार केले. रामराम बसू व मृत्युंजय विद्यालंकार यांसारख्या विद्वानांनी केरीसाहेबांस भाषा शिकविली. यांतील पुष्कळ जण ख्रिस्ती झाले नाहीत, तरी त्यांच्या विद्येचे ऋण केरीसाहेब मान्य करीत.

सन १८०० च्या अखेरीस कृष्ण पाल नावाच्या सुताराचा हात खांद्यातून निखळला. डॉक्टर थॉमस यांनी तो बसविला व बसविताना त्यास तारणाऱ्याविषयी सांगितले. २८ डिसेंबर रोजी हुगळी नदीत केरीसाहेबांनी कृष्ण पाल व आपला मुलगा फीलिक्स या दोघांस एकाच वेळी बाप्तिस्मा दिला. थॉमस यांनी सतरा वर्षे या दिवसाची वाट पाहिली होती. त्यांस आनंद इतका अनावर झाला की त्यांचे भान सुटले व त्यांस काही दिवस सांभाळावे लागले. कृष्ण पाल यांनी पुढे बंगालीत गीते रचली व दूरवर सुवार्ता सांगितली. सन १८०३ मध्ये गोकुळ नावाचे बंधू वारले, तेव्हा त्यांची पेटी कोण उचलणार हा प्रश्न आला, कारण तेथे ते काम भाडोत्री लोक करीत. मार्शमनसाहेब, फीलिक्स, ब्राह्मणांतून आलेला भैरव व मुसलमानांतून आलेला पिरू या चौघांनी ती खांद्यावर घेतली. पाहण्यास रस्त्यात गर्दी जमली. एका शरीराचा धडा त्या दिवशी श्रीरामपूरच्या लोकांनी डोळ्यांनी पाहिला.

बंगाली नवा करार सन १८०१ मध्ये छापून निघाला. त्याच वर्षी कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात केरीसाहेबांस बंगालीचे शिक्षक नेमण्यात आले. पगार दरमहा ५०० रुपये, पुढे १,००० रुपये झाला. तो सर्व त्याच पेटीत पडला. कॉलेजात नीटनेटके कपडे घालून जावे लागे म्हणून तेवढे थोडेसे त्यांस अधिक मिळे. कॉलेजात ते मराठीही शिकवीत, आणि येथे आपला संबंध येतो. पंडित वैजनाथ शर्मा यांच्या साहाय्याने त्यांनी मराठीचे व्याकरण सन १८०५ मध्ये व कोश सन १८१० मध्ये छापविला, आणि सन १८११ मध्ये मराठी नवा करार श्रीरामपुरात तयार झाला. सन १८१३ मध्ये मुंबईस आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांनी पुढे हे काम नव्याने केले व सन १८२६ मध्ये त्यांचा नवा करार पूर्ण झाला. एकाने पाया घातला, दुसऱ्याने भिंत उभारली; आपल्या हातातील मराठी शास्त्रामागे अशी अनेकांची मेहनत आहे.

दिनांक ११ मार्च १८१२ च्या संध्याकाळी छापखान्यास आग लागली. वॉर्डसाहेबांनी दारे-खिडक्या बंद ठेवून छपरातून पाणी ओतविले व काही तास आग दाबून धरली. परंतु कोणी तरी खिडकी उघडली, वारा शिरला आणि सारी इमारत पेटली. चौदा भाषांचे खिळे, पुष्कळसा कागद आणि केरीसाहेबांच्या अनेक वर्षांच्या कोशाचे व व्याकरणांचे हस्तलेख जळून गेले. ते त्या रात्री कलकत्त्यास होते. सकाळी मार्शमनसाहेबांनी जाऊन त्यांस बातमी सांगितली. दोघे परत येतात तो वॉर्डसाहेब राखेतून खिळ्यांचे पोलादी ठसे शाबूत शोधून काढून बसलेले! वितळलेल्या शिशाचे पुन्हा खिळे ओतण्यात आले, शेजारच्या वखारीत यंत्रे मांडली, आणि थोड्याच दिवसांत छपाई सुरू झाली. केरीसाहेबांनी जळलेली पाने पहिल्यापासून पुन्हा लिहावयास घेतली. इंग्लंडात बातमी पोहोचली तेव्हा मंडळ्यांनी सुमारे दोन महिन्यांत १०,००० पौंड जमवून सर्व नुकसान भरून काढले. आता स्तुती फार होत आहे, तिची भीती आगीहून अधिक बाळगावी, असा इशारा मात्र फुलर यांनी बांधवांस दिला.

तो इशारा खरा ठरला. फुलर यांच्या मृत्यूनंतर इंग्लंडातील कमिटी व श्रीरामपूरचे बांधव यांत मालमत्तेविषयी व अधिकाराविषयी तंटा उत्पन्न झाला. नव्याने आलेल्या तरुण मिशनऱ्यांस वाटे की वडील तिघे सर्व काही आपल्या मुठीत ठेवतात. ते वेगळे होऊन कलकत्त्यास गेले. त्यांत केरीसाहेबांचा पुतण्या युस्टेसही होता. मार्शमनसाहेबांवर सर्वांत अधिक ठपका आला. केरीसाहेबांनी आपल्या सोबत्यास सोडले नाही, परंतु त्यांस फार क्लेश झाले. शेवटी सन १८२७ मध्ये श्रीरामपूर व ते मंडळ यांची फारकत झाली. यात एकाच बाजूची चूक होती असे म्हणता येत नाही. वडिलांनी तरुणांस हात लावू द्यावयास हवा होता, आणि तरुणांनी वडिलांच्या त्यागाची कदर करावयास हवी होती. शनिवारची ती बैठक तिघांत होत होती. नव्या लोकांस मात्र तीत आपली जागा सापडली नाही. ज्या घराने एक पेटी इतकी वर्षे चालविली त्याच घरास हे दुखणे जडले, हे आपण लपवू नये.

घरातील दुःखेही थोडी नव्हती. डॉरोथीबाई सन १८०७ मध्ये वारल्या. बारा वर्षे शेजारच्या खोलीतून त्यांचा आक्रोश ऐकू येत असता केरीसाहेबांनी भाषांतर केले. त्यांनी त्यांस वेड्यांच्या इस्पितळात टाकले नाही, हे त्यांचे भूषण होय. पण ज्या कामास सर्व जग वाखाणते त्याची किंमत या बाईने भरली, हेही खरे आहे. तिचे दुःख त्या मंडळीतील दुखऱ्या अवयवाचे होते, आणि तिचे नाव त्या कामाबरोबर आदराने घेतले पाहिजे.

सन १८१८ मध्ये या तिघांनी श्रीरामपूर कॉलेज स्थापिले. त्यात ख्रिस्ती व अख्रिस्ती, सर्व जातींच्या मुलांस प्रवेश होता. सन १८२३ मध्ये वॉर्डसाहेब पटकीने अकस्मात वारले. सन १८२९ च्या डिसेंबरात सती बंद करण्याचा कायदा झाला. त्याचे बंगाली भाषांतर करण्याकरिता हुकूम केरीसाहेबांच्या हाती आला तो रविवारचा दिवस होता व त्यांस उपासनेस जावयाचे होते. एक दिवसाचा विलंब म्हणजे आणखी किती विधवांचा जीव, हे जाणून त्यांनी उपदेश दुसऱ्यावर सोपविला व पंडितास घेऊन रात्रीपर्यंत भाषांतर पुरे केले. उपदेश करणारे दुसरे होते. ते भाषांतर तितक्या लवकर करणारे दुसरे कोणी नव्हते.

त्यांस झाडाफुलांचाही मोठा नाद होता. डॉ. रॉक्सबर्ग यांचे वनस्पतींवरील ग्रंथ त्यांनी छापविले, आणि रॉक्सबर्ग यांनी एका वृक्षास केरीसाहेबांचे नाव दिले. सह्याद्रीत व कोकणात ज्याला आपण कुंभा म्हणतो तोच हा वृक्ष होय.

डॉ. विल्यम केरी ९ जून १८३४ रोजी श्रीरामपुरात निजले. अखेरच्या आजारात अलेक्झांडर डफ हे तरुण मिशनरी भेटीस आले व त्यांच्या कामाविषयी पुष्कळ बोलले. ते निघाले तेव्हा केरीसाहेबांनी त्यांस परत बोलाविले व विनंती केली की, आपण गेल्यावर केरीविषयी काही बोलू नये, केरीच्या तारणाऱ्याविषयी बोलावे. मार्शमनसाहेब तीन वर्षांनी, सन १८३७ मध्ये गेले. तेवीस वर्षे तिघांनी मिळून आणि पुढे उरलेल्यांनी चालविलेल्या या कामातून सुमारे चाळीस भाषांत शास्त्र किंवा त्याचे भाग छापले गेले. त्यांतील काही भाषांतरे घाईची होती व ती पुढे इतरांस सुधारावी लागली. तरी वाट त्यांनी पाडली.

आता वाचकांनी आपल्या गावच्या मंडळीकडे पाहावे. एखादी बहीण वाचू शकत नाही, पण आजाऱ्याच्या उशाशी रात्र काढते. एखाद्या भावाचा आवाज गोड आहे, पण त्यास भजनात पुढे बसावयास कोणी सांगत नाही. कोणी हिशेबात चोख आहे, कोणास मंदिराचे छप्पर शाकारता येते, कोणी दोघांचे भांडण न बोलता मिटवितो. हे सर्व पाळकानेच करावे अशी आपली समजूत असेल तर पाळक थकून जाईल व मंडळीची कृपादाने पेटीत ठेवलेल्या बियाण्यासारखी किडतील. तसेच, आपल्यापाशी जे नाही त्याची लाज वाटू न देता ते दुसऱ्याकडून घ्यावे, जसे केरीसाहेबांनी आपली मुले वॉर्डसाहेबांच्या हाती दिली. आणि मंडळीत नवीन कोणी आले तर त्यास केवळ शेवटच्या बाकावर जागा न देता त्याच्या हातास काम द्यावे, म्हणजे श्रीरामपुरास जे दुखणे जडले ते आपणांस जडणार नाही.

येत्या शनिवारी संध्याकाळी मंडळीतील वडील, तरुण व बहिणी यांनी एकत्र बसावे, कोणाच्या मनात कोणाविषयी काही असेल ते मिटवावे, आणि प्रत्येकास देवाने काय दिले आहे हे एकमेकांस सांगावे. ज्या एका आत्म्याने ही निरनिराळी दाने वाटली आहेत, तोच आपणांस ती एकत्र वापरण्याची बुद्धी देवो.